६० रुपयांचा पास्ता आणि आपले सरगुंडे

कॉलेजच्या फाटकासमोर इटालियन जेवणाचं हॉटेल निघालं, त्यावरून आपल्या गावात बरंच बोलून झालं. कुणी म्हणतं खेड्यापाड्याच्या पोरांना ही थेरं कशाला. कुणी म्हणतं ६० रुपयांत कसला आलाय इटालियन पास्ता, खरा खायचा तर नागपूरला जा. पहिल्या बोलण्याचा मला राग येतो. दुसरं बोलणाऱ्यांना मात्र नीट सांगावंसं वाटतं, कारण ती माणसं खाण्याची जाण असलेली आहेत, माझ्या जवळची आहेत. माझं म्हणणं सरळ आहे. हे जेवण मुळात हात आखडून जगणाऱ्या माणसांच्या चुलीवरचं आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आपल्या तालुक्याच्या गावी ते विद्यार्थ्यांना परवडेल अशा भावात आणि मन लावून केलेलं मिळतंय, तर ते कमअस्सल ठरत नाही. बऱ्याच महागड्या ठिकाणांपेक्षा ते मूळच्या जास्त जवळ आहे.

जागा म्हणाल तर आधी तिथं झेरॉक्सचं दुकान होतं. एक शटर, आत सहा टेबलं, मागे उघडं स्वयंपाकघर, भिंतीवर खडूनं लिहिलेले भाव. चालवणारे दादा पुण्याच्या हॉटेलांमध्ये किचनात बरीच वर्षं राबले, लॉकडाऊनमध्ये घरी आले ते इथंच राहिले. वहिनी गल्ल्यावर असतात, दादांची आई कणकेवर. लसूण-तेलाचा पास्ता ६० रुपये, टोमॅटोचा ७०, पांढऱ्या सॉसचा ९०, पिझ्झा ११० पासून पुढे, आणि लसूण लावून भाजलेला पाव ३०. पाणी माठातलं. बाटली घ्यायची सक्ती नाही, हे मुद्दाम लिहिते.

लसूण-तेलाच्या पास्त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. इटलीतल्या नेपल्सकडे त्याला आल्यो ए ओल्यो म्हणतात. पास्ता, लसूण, तेल, सुकी मिरची, मीठ, जमलं तर वरून हिरवं काहीतरी. घरात दुसरं काही नसलं की रात्री उशिरा करायचा हा पदार्थ. त्यात लपवायला जागाच नाही, म्हणून स्वयंपाकी कसा आहे ते त्यावरून कळतं. मी नेहमी ओट्याजवळच्या टेबलावर बसते, तिथून सगळं दिसतं. दादा लसूण ठेचत नाहीत, पातळ चकत्या करतात. तेल थंड असतानाच लसूण आत, आणि आच मंद. चकत्यांच्या कडा सोनेरी व्हायला लागल्या की भिवापुरी मिरचीचे दोन तुकडे. लसूण लाल होऊ द्यायचा नाही, कडवट होतो. तोवर शेजारच्या पातेल्यातला पास्ता जरासा कच्चा असतानाच काढून या तेलात येतो, आणि मागोमाग त्याच पातेल्यातलं एक पळीभर गढूळ पाणी. मग कढई उचलून झटके द्यायचे. पास्ता उकळताना त्यातलं पिष्ट पाण्यात उतरलेलं असतं, ते तेलाला धरून ठेवतं. बघता बघता सुटं दिसणारं तेल आणि पाणी एकजीव होऊन प्रत्येक नळीला चिकटतं. ताटलीत तळाशी तेल साचत नाही. हे पाणी सिंकमध्ये ओतून देणारी महागडी हॉटेलं मी पाहिली आहेत. तिथला पास्ता तेलकट लागतो आणि मग वरून चीजचा ढीग घालतात.

ऑलिव्हचं तेल दादा वापरत नाहीत, शेंगदाण्याचं वापरतात, आणि विचारलं की स्वच्छ सांगतात. मला ते पटतं. ऑलिव्हच्या तेलाचा वास वेगळा, चव वेगळी, ते मान्य. पण तिकडच्या गरीब घरात ऑलिव्ह यायचं ते अंगणाबाहेर झाड होतं म्हणून. आपल्याकडे शेंगदाणा आहे. पार्मेजान, म्हणजे पास्त्यावर किसून घालतात ते मुरवलेलं चीज, त्याच्या बाबतीतही तेच. खरं पार्मेजान निदान १२ महिने मुरवावं लागतं, स्वस्त कसं मिळणार? दक्षिण इटलीत ज्यांना ते परवडत नसे ती माणसं शिळ्या पावाचा चुरा तेलात परतून पास्त्यावर भुरभुरायची. दादाही तेच करतात. आदल्या दिवशीचा पाव हातानं कुस्करून, लसणाच्या तेलात तांबूस होईपर्यंत परतून डब्यात भरून ठेवलेला असतो. दाताखाली तो कुरकुरतो तेव्हा चीजची आठवणही येत नाही. ६० रुपयांत हे कसं बसतं असं विचारणाऱ्यांनी हिशोब करून पाहावा. एका ताटलीला कोरडा पास्ता साधारण १०० ग्रॅम लागतो, म्हणजे किलोभर पास्त्यात दहा माणसं जेवतात. बाकी लसूण, तेल, मिरची. महाग असतं ते चीज आणि एसी.

आता सरगुंड्यांकडे येते. पहिल्यांदा माझ्या वर्गातल्या मुलींना तिथं घेऊन गेले तेव्हा पीळदार पास्ता समोर आला आणि एक जण ओरडलीच, "मॅडम, हे तं सरगुंडे हायेत!" पोरगी शंभर टक्के बरोबर बोलली. आपल्याकडे उन्हाळ्यात बायका घट्ट भिजवलेल्या कणकेची बारीक वळी काडीभोवती गुंडाळतात, काडी अलगद ओढून घेतात आणि तो पोकळ पीळ वाळवतात. मग उकळून आंब्याच्या रसाबरोबर खायचे. इटलीत कालाब्रिया आणि कांपानिया भागात बायका अगदी हेच करतात, फक्त काडीच्या जागी लोखंडाची बारीक सळई असते. तिथं त्याला फुझिल्ली म्हणतात. दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींना पाहिलेलं नाही. हातात कणीक आणि काडी असली की माणूस तिथवर पोचतो, एवढंच मला यातून दिसतं, आणि ते मला फार मोठं वाटतं.

मी वनस्पतीशास्त्र शिकवते, म्हणून गव्हाबद्दल थोडं. कोरडा पास्ता ज्या गव्हापासून होतो तो ड्युरम, म्हणजे कडक दाण्याचा, पिवळसर झाक असलेला गहू. त्याच्या रव्याची वळी उकळली तरी आकार सोडत नाही. आपला बन्सी हा ड्युरमच. माझ्या माहेरी काळ्या जमिनीत पावसाळ्याच्या उरलेल्या ओलीवर, पाण्याची एकही पाळी न देता बन्सी व्हायचा. शेवया, सरगुंडे, लाडवाचा रवा, सगळं त्याचंच. ओलीत, म्हणजे पिकाला पाणी द्यायची सोय, आलं, जास्त उतारा देणारे वाण आले आणि बन्सी मागे पडला. पोळीला आपण लोकवन घेतो, तो वेगळा, मऊ. आज दुकानात ड्युरमचा पास्ता विकत घेताना मला आमचं ते शेत आठवतं. ज्या गव्हासाठी लोक पाकिटावर 'ड्युरम' शब्द शोधतात तो आपल्या बांधात होता.

पिझ्झ्याचंही असंच. दादांच्या आई लंबी रोटी करणाऱ्या. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: कणीक इतकी सैल भिजवायची की हातातून ओघळावी, मग परातीत आपटून आपटून तिला चिवटपणा आणायचा, आणि गोळा दोन्ही हातांवर झुलवत हातभर पातळ करून तापलेल्या पालथ्या मटक्यावर टाकायचा. या बाईंना पिझ्झ्याचा गोळा बोटांनी पसरवायला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही. लाटणं त्या हातातच घेत नाहीत, त्यामुळे कडेची हवा तशीच राहते आणि भाजल्यावर काठ फुगतो. नेपल्सच्या भट्टीत सव्वाचारशे अंशांच्या वर पिझ्झा मिनिट-दीड मिनिटात होतो. इथं साधा ओव्हन आहे, वेळ जास्त लागतो, काठ थोडा कडक येतो. ते मी मान्य करते. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला युनेस्कोनं २०१७ मध्ये वारशाच्या यादीत घेतली. मटक्यावरची रोटी करणाऱ्या बायकांच्या हातातली कला त्याहून तसूभर कमी नाही, आणि तिला आपण लग्नाच्या पंगतीत रोजंदारीवर बोलावतो.

मे महिन्यात ४५ अंशांत खमीर कसं सांभाळता, असं मी दादांच्या आईंना विचारलं. "रातीच भिजवतो ना बाई, माठातल्या थंड पाण्यानं. इष्ट चिमूटभरच. जास्त टाकलं तं सकाळपर्यंत पिंपाबाहेर येते." यीस्टला त्या इष्ट म्हणतात. एवढं ज्ञान असलेल्या बाईच्या हातचा पिझ्झा ११० रुपयांत मिळतो.

टोमॅटोवर तुळशीसारखी पानं दिसतात ती सब्ज्याची. सब्जा म्हणजे फालुद्यात घालतो तेच बी, आणि त्याचं झाड म्हणजे इटलीतली बेसिल, एकच प्रजाती. वासात थोडा फरक असतो. रोपं आमच्या कॉलेजच्या बागेतून गेली आहेत, दारातल्या तेलाच्या डब्यांत छान वाढलीत. आणि "टोमॅटो त्यांचा, मिरची आपली" असं म्हणणाऱ्यांसाठी: टोमॅटो इटलीचा नाही, मिरची भारताची नाही. दोन्ही अमेरिका खंडातून आले, कोलंबसाच्या १४९२ च्या प्रवासानंतर. परकं म्हणून नाकं मुरडायची तर आधी आपल्या ठेच्यापासून सुरुवात करावी लागेल.

चीजबद्दल मात्र सगळ्यांनी डोळे उघडे ठेवावेत. बाजारात दुधाच्या चीजच्या जागी वनस्पती तेलाचं, दिसायला तसंच, 'अॅनालॉग' मिळतं. ते विकायला बंदी नाही, पण तसं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. पाकिटावर छापलेलं असतं, पण ताटलीत आल्यावर गिऱ्हाइकाला कोण सांगणार? हायवेवरच्या एका ठिकाणी मी विचारलं तर उत्तर मिळालं नाही, नुसतं हसले. आपल्या फाटकासमोरचे दादा दुधाचं मोझरेला वापरतात, म्हणून थोडं घालतात. 'चीज कमी आहे' ही तक्रार करणाऱ्या पोरांना मी हेच सांगते, की खरं असलं की कमीच असणार. आणि माझी एक मनापासूनची इच्छा आहे. कांपानियातलं नावाजलेलं मोझरेला म्हशीच्या दुधाचं असतं. आपली नागपुरी म्हैस, ती तलवारीसारख्या लांब शिंगांची, विदर्भाचीच. उन्हाला टिकणारी, दूध घट्ट. आपल्या गवळ्यांच्या पोरांपैकी कुणी शिकून इथं मोझरेला करायला घेतलं तर मी पहिली गिऱ्हाईक.

पांढरा सॉस मला तिथला आवडत नाही. मैदा जास्त होतो, थंड झाला की थिजतो, आणि पोरांना आवडते म्हणून साखर पडते. दादांना सांगितलं आहे. ते म्हणतात सगळ्यात जास्त खपतो तोच. ठीक आहे.

आता त्या 'थेरां'बद्दल. अकरावी-बारावीच्या मुली आसपासच्या खेड्यांतून सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या, शाळा-कॉलेजच्या मुलींसाठी असलेल्या निळ्या बसनं येतात. कॉलेज दुपारी सुटतं आणि परतीची बस संध्याकाळी. मधले तास त्यांनी कुठं काढायचे याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला? मुलांना पानठेला आहे, चहाची टपरी आहे, मैदान आहे. मुली एसटी स्टँडवर बाकावर दप्तर मांडीवर घेऊन बसायच्या, आणि येणारा-जाणारा बघत जायचा. चहाच्या हॉटेलात मुलीनं एकटीनं बसावं असं आपलं गाव अजून नाही. इथं त्या बसतात. तिघी मिळून ३० रुपयांचा पाव घेतात, वही उघडतात, आणि बसच्या वेळेपर्यंत वहिनी त्यांना उठवत नाहीत. उलट उशीर होत असला तर वहिनीच हाक मारतात, "चला गं पोरींनो, गाडी लागली." माझ्या लेखी या एका गोष्टीसाठी त्या हॉटेलाचं भाडं गावानं भरावं इतकं ते मोलाचं आहे.

मुलं-मुली एकाच टेबलावर बसतात म्हणून ज्यांनी कुजबुज चालवली आहे त्यांनी एकदा दुपारी जाऊन बघावं. एका ताटलीत दोन काटे, समोर अकाउंटची वही, आणि वाद चाललेला असतो तो कापसाच्या भावावर किंवा पोलीस भरतीच्या धावण्यावर. काटा कसा धरायचा ते एकमेकांना शिकवतात. उद्या यातलं कुणी नोकरीसाठी मुंबईला गेलं आणि साहेबाबरोबर जेवायला बसायची वेळ आली, तर मेन्यूकार्ड बघून त्याचा घसा कोरडा पडणार नाही. शहरातल्या पोरांना हे घरबसल्या मिळतं. आपल्या पोरांना ६० रुपयांत मिळतंय, तर ते मिळू द्या. झुणका-भाकर कुणी काढून घेत नाहीये. मीही रविवारी वांग्याची भाजी आणि रोडगेच खाते.

शेवटी एक काम आहे. दादांशी बोलणं झालंय की येत्या उन्हाळ्यात आठवड्यातून एक दिवस सरगुंडे ठेवायचे, टोमॅटोच्या सॉसमध्ये आणि लसूण-तेलात, दोन्ही. वळायला बचत गटाच्या चौघीजणी तयार आहेत, त्यांना किलोमागे पैसे मिळतील. अडलंय ते गव्हावर. माझ्या माहेरी आता बन्सी पेरत नाहीत. आर्वी, कारंजा, आष्टी, देवळी भागात कुणाच्या घरी बन्सी गहू असेल, अगदी दोन पायल्या असला तरी, तर मला फोन करा किंवा मेसेज टाका. बाजारभावापेक्षा जास्त देऊ. बियाण्यापुरता असेल तरी सांगा, कॉलेजच्या प्लॉटवर पेरून बघायचा आहे.