मत घालून काय व्हतंय?

निवडणूक आली की आमच्या बेळगावकडच्या खानापुरात चहाच्या गाड्यावर एकच रेकॉर्ड : "मत घालून काय व्हतंय ओ?" आणि हे म्हणणारा गडी मतदानादिवशी गोव्याला! मग पाच वर्षं गटार तुंबलं, उतारा कन्नडात आला म्हणून बोंब मारणार हाच. सीमाप्रश्न १९५६ पासून लोंबकळतोय, २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलाय, मान्य. पण २०१८ ला आणि २०२३ ला महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार आला नाही, तो काय कोर्टामुळं? आधीच आपसात बंडखोरी, त्यात ह्यांची सहल. यादीत माझं नाव दर वेळी चुकीचंच छापतात, तरी मी रांगेत उभा राहून बोटाला शाई लावून घेतो. बदल व्हईल, अजून वाटतंय मला. पुढच्या खेपेला ह्याला गाडीतनं उतरवून बूथवर नेणार. त्याच्या बायकोला सांगून ठेवलंय.