988 चा आनंद आणि 'डेमोग्राफी'चा अर्थ

"डेमोग्राफी म्हणजे जनगणनाच. सातारा जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 988 स्त्रिया, राज्यात 929. म्हणजे आमच्याकडे मुली सुरक्षित!" हा मजकूर सातारा-सांगलीच्या ग्रुपांवर फिरतोय. आकडे 2011 च्या जनगणनेतले, बरोबर आहेत. अर्थ मात्र दोन्ही चुकलेत.

आधी शब्द. जनगणना म्हणजे मोजणी. डेमोग्राफी, म्हणजेच लोकसंख्याशास्त्र, हा त्यामागचा जमाखर्च: जुनी लोकसंख्या, अधिक जन्म, वजा मृत्यू, अधिक आलेले, वजा गेलेले. ग्रीक 'डेमोस' म्हणजे लोक. त्यावरून हा शब्द फ्रान्सच्या आशील गियार यांनी 1855 मध्ये छापला. जनगणना फक्त शिल्लक दाखवते. ('गावाची डेमोग्राफी बदलली' म्हणणाऱ्यांना बहुधा लोकसंख्येची रचना म्हणायचं असतं, तेही एखाद्याच अंगाची.)

आता 988. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. त्या पूर्ण काळात जो घरी नव्हता, तो जिथे सापडला तिथे मोजायचा, असा नियम. त्यामुळे माण-खटावचा मुंबईत राहणारा माथाडी मुंबईत मोजला जातो आणि आई-बायको गावी. भाजक, म्हणजे पुरुषांचा आकडा, असा कमी झाला की गुणोत्तर आपोआप फुगतं. उलट फेब्रुवारी हा उसाचा गळीत हंगाम. कराड-वाळव्याच्या फडातली बीडच्या ऊसतोड मजुरांची टोळी कोपीवरच (फडाजवळच्या झोपडीतच), म्हणजे इथल्या आकड्यात.

मुलींबद्दल बोलायचं तर 0 ते 6 वयोगट बघा. तिथे 2011 मध्ये सातारा आणि सांगली दोन्ही 900 च्या खाली! एवढी लहान पोरं एकटी नोकरीला जात नाहीत, म्हणून स्थलांतराचा घोळ इथे फारसा नसतो. त्याहून नेमकं हवं तर जन्मनोंदीवरून जन्मवेळचं गुणोत्तर काढा. निसर्गतः ते हजार मुलांमागे साधारण 950 मुली असतं. पण एका गावाचा एका वर्षाचा आकडा घेऊन बोंब मारू नका. 20 जन्मांत 12 मुलगे, 8 मुली झाल्या तर 667 येतो, पुढच्या वर्षी उलट झालं तर 1500. पाच-सात वर्षांच्या नोंदी एकत्र करा, किंवा तालुका धरा.

"मृत्युदर जास्त म्हणजे दवाखाने वाईट" हेही त्याच मजकुरात आहे. मग केरळचा मृत्युदर बिहारपेक्षा जास्त का? तिथे म्हातारी माणसं जास्त आहेत. तुलना वयोगटानुसार करावी लागते.