कुल्लूची शाल आणि आपलं शाल-श्रीफळ

मे महिन्यात अर्धा महाराष्ट्र मनालीला असतो. बस बियासच्या काठाने वर निघते आणि कुल्लूच्या आसपास कुठल्यातरी 'शाल फॅक्टरी'समोर थांबते. आत एक मुलगा पाच मिनिटांत वीस शाली उलगडून टाकतो, प्रत्येक 'प्युअर', प्रत्येक 'हँडमेड'. ही कुठल्या मागावर विणली, असं कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, "दहा घेतल्या तर कितीला?"

आणि हीच मंडळी घरी येऊन 'लोप पावत चाललेल्या कला वाचवा' असल्या पोस्ट फॉरवर्ड करतात. मला या हळहळीचा कंटाळा आलाय. डोंगरातली कला टिकते ती दोन गोष्टींवर. तिथल्या माणसांना ती वस्तू स्वतःला वापरायला लागते का, आणि विकल्यावरचा पैसा विणणाऱ्यापर्यंत पोचतो का.

वापराचं आधी. कुल्लूत बायका आजही पट्टू नेसतात. जाडजूड लोकरी वस्त्र, अंगाभोवती घेऊन खांद्यांवर चांदीच्या साखळीच्या पिनांनी अडकवलेलं. कुल्लवी टोपी तर लग्नात, जत्रेत, विधानसभेतसुद्धा दिसते. तिचं राजकारणही आहे: हिरवी पट्टी काँग्रेसच्या वीरभद्र सिंहांची, मरून रंगाची भाजपच्या धुमलांची, असं वर्षानुवर्षं चाललं. टोपीवरून माणसाचा पक्ष ओळखणारे लोक आहेत म्हणजे टोपीला अजून तरी मरण नाही. भांगेच्या झाडाच्या तंतूंपासून केलेली पूला नावाची पादत्राणं अशीच. देवळात चामडं चालत नाही आणि थंडीत अनवाणी उभं राहवत नाही, म्हणून ती लागतात. त्यांच्या बचावासाठी कुणाला परिसंवाद भरवावा लागला नाही.

'शुद्ध परंपरा' वाल्यांसाठी एक गंमत. कुल्लूची शाल म्हणून आपण जी रंगीत भौमितिक नक्षी ओळखतो, ती तिथे फार जुनी नाही. पूर्वी कुल्लूचं विणकाम बरंचसं साधं होतं. 1940 च्या सुमाराला शिमल्याच्या बाजूच्या रामपूर बुशहरकडचे विणकर तिथे आले आणि त्यांच्याबरोबर ही नक्षी रुळली. कुल्लूच्या उत्तरेकडच्या लाहौलचे हातमोजे-पायमोजे घ्या. 2021 मध्ये त्यांना जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन मिळालं, पण सुयांवरचं ते विणकाम तिथल्या बायकांना एकोणिसाव्या शतकात तिथल्या केलाँगला आलेल्या मोराव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांच्या घरातल्या बायकांनी शिकवलं. उणे तापमानात सहा महिने बर्फात काढणाऱ्यांना पायमोजा कुणी आणला याच्याशी काय देणंघेणं? उपयोगाचा निघाला, त्यांनी आपले रंग घातले, त्यांचा झाला.

आता पैसा. कुल्लूजवळच्या भुट्टी गावात 1944 मध्ये बारा विणकरांनी मिळून सहकारी संस्था काढली. सुरुवातीला ती रडतखडतच चालली. 1956 च्या सुमाराला ठाकूर वेद राम यांनी ती हातात घेतली आणि तिचं आजचं 'भुट्टिको' झालं. स्वतःची दुकानं, स्वतःचा दर, स्वतःचा शिक्का. आपल्याला सहकार म्हटलं की साखर कारखाना आणि त्याच्या निवडणुका आठवतात, पण शालीच्या धंद्यात सहकाराचा अर्थ फार साधा होता: मधला व्यापारी सूत उधार देतो आणि शाल पडेल भावात उचलतो, ते बंद करणं. माझ्या मते हिमाचलच्या हस्तकलेसाठी कुठल्याही महोत्सवापेक्षा हे जास्त कामाचं ठरलं.

कायदाही आहे. 1985 च्या हातमाग आरक्षण कायद्याखाली अकरा प्रकारचं कापड हातमागासाठी राखीव आहे, त्यात शालीही येतात. कुल्लू शालीला आणि किन्नौरी शालीला जीआयही आहे. तरी लुधियाना-अमृतसरच्या पॉवरलूमचा माल कुल्लूच्याच बाजारात कुल्लूच्या नावावर विकला जातो. साधी बॉर्डर असलेली हातमागाची शाल दोन-चार दिवसांत उतरते, भरगच्च नक्षीची महिनाभरही घेते. यंत्राला तेवढ्या वेळात गठ्ठे निघतात. गिऱ्हाईकाला फक्त 'दहाचा भाव' हवा असेल तर कायदा काय करणार?

हे दहाचं गिऱ्हाईक म्हणजे आपणच. आपल्याकडे सत्काराला शाल लागते. गावच्या वाचनालयापासून विद्यापीठापर्यंत एका कार्यक्रमात पंधरा-पंधरा शाली खांद्यावर पडतात. त्यातली एकही नंतर पांघरली जात नाही. ती पुढच्या सत्कारात फिरते. वर्षाला इतक्या शाली खपवणाऱ्या राज्यात एकाही विणकराचं भलं होत नसेल तर हा विक्रमच म्हणायचा. पंधरांऐवजी प्रमुख पाहुण्याला एकच हातमागाची द्या, बाकीच्यांना पुस्तक. (पुस्तकंही पुढे फिरतात, मान्य. पण निदान कुणीतरी चाळतं.)

वापर सुटला की काय होतं ते हिमाचलच्याच चंब्यात दिसतं. चंबा रुमाल म्हणजे मलमलीवर, पीळ न दिलेल्या रेशमाने, दो-रुखा टाक्यात केलेलं भरतकाम. दोन्ही बाजू सारख्या, गाठ कुठेच नाही. चित्रकार कोळशाने रेखाटन करायचा, बायका भरायच्या. रासमंडल, शिकार, लग्नाचे प्रसंग. पहाडी लघुचित्रच, फक्त सुईने काढलेलं. लग्नात दोन्हीकडची भेटवस्तूंची ताटं या रुमालांनी झाकली जायची. राजाश्रय गेला, नवे रंगीत धागे बाजारात आले, चित्रकार आणि भरणारी यांची जोडी तुटली. चंब्याच्या राजाने ब्रिटिशांना भेट दिलेला कुरुक्षेत्र युद्धाचा एक पट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. नव्वदच्या दशकात दिल्ली क्राफ्ट्स कौन्सिलने संग्रहालयांतले जुने नमुने पुन्हा भरून घेतले, म्हणून त्या दर्जाचं काम परत सुरू झालं. ललिता वकील यांनी आयुष्यभर मुलींना शिकवलं, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठंच काम आहे. पण आज हा रुमाल काचेच्या फ्रेममध्ये जातो, ताटावर नाही, आणि फ्रेम परवडणारी घरं मोजकीच.

माझ्या या मांडणीला एक भोक आहे, ते मीच दाखवतो. शाल टिकली तरी मेंढीचं काय? मऊ मेरिनो लोकर बाहेरून येते. धौलाधारच्या खिंडी ओलांडून कळप फिरवणाऱ्या गद्दी मेंढपाळांच्या मेंढ्यांची लोकर जाडीभरडी, शालीला टोचते. तिचं 'पट्टी' नावाचं घट्ट कापड विणतात, कोट-जाकिटाला उत्तम, वर्षानुवर्षं टिकते. पण आता तो कोट शिवून घेतंय कोण?

तर विचारायचं हे की, अशी पट्टी महाराष्ट्रात नीट शिवून देणारा शिंपी कुणाला माहीत आहे का? जाड लोकरी कापड म्हटल्यावर इथले हात वर करतात. कमेंटमध्ये फोन नंबर टाकू नका, इनबॉक्स करा.