झाडाआडून गोळ्या झाडून अमेरिका स्वतंत्र झाली नाही

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाबद्दल एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: १७७५ मध्ये साध्या शेतकऱ्यांनी शिकारीच्या बंदुका उचलल्या, झाडांआड दबा धरला, लाल डगले घालून रांगेत चालणारे अडाणी इंग्रज एकेक करून टिपले आणि जगातलं बलाढ्य सैन्य हरवलं. म्हणजे अमेरिका जिंकली ती गनिमी काव्याने.

हा मजकूर मला खटकतो, कारण ज्यांनी खरं काम केलं तीच माणसं त्यातून गायब होतात. बर्फातून तोफा ओढणारी, रात्रभर मोर्चे खणणारी, हरत असतानाही छावणी न सोडणारी.

पहिला मुद्दा, अचानक उठलेल्या शेतकऱ्यांचा. १९ एप्रिल १७७५ च्या सकाळी लेक्सिंग्टनच्या मैदानावर कॅप्टन जॉन पार्करचे सत्तरएक लोक उभे होते ते उघड्यावर, रांगेत. त्यांतले आठ मेले. पुढे काँकर्डहून बोस्टनकडे परतणाऱ्या इंग्रजांवर दगडी बांधांआडून गोळ्या बरसल्या, हे मात्र खरं आहे. संध्याकाळपर्यंत त्यांचे २७३ जण मेले, जखमी किंवा बेपत्ता झाले. वसाहतींच्या बाजूचे ९५. पण गोळ्या झाडणारे हे लोक वाट फुटेल तिकडून धावत आलेले नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्ये गावोगावच्या मिलिशिया, म्हणजे गावकऱ्यांच्याच बिनपगारी हंगामी फौजेच्या, तुकड्या होत्या आणि कवायत कायद्यानेच लागू होती. १७७४ च्या अखेरीपासून तर हाकेसरशी निघू शकतील अशा 'मिनिटमेन' तुकड्या वेगळ्या काढल्या जात होत्या. फ्रेंचांविरुद्धच्या आधीच्या युद्धात लढलेले बरेच जण त्यांच्यात होते. आणि आडोसा घेतला म्हणजे जीव वाचला, असंही नाही. इंग्रजांच्या बगलेच्या तुकड्या शेतांतून चालत होत्या. मेनोटमी गावात दबा धरून बसलेल्यांना त्यांनी मागून गाठून मारलं.

इंग्रजांना रांगेपलीकडे काही येत नव्हतं, हे तर साफ चूक. इंग्रज सेनापती जनरल विल्यम हाऊ स्वतः हलक्या, म्हणजे चपळपणे पसरून लढणाऱ्या, पायदळाचा जाणकार होता. १७५९ मध्ये क्वेबेकच्या स्वारीत त्याने तसल्याच सैनिकांचं नेतृत्व केलं होतं. २७ ऑगस्ट १७७६ ला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर फसला तो अमेरिकन फौजेचा सरसेनापती वॉशिंग्टन. तिथल्या जमैका नावाच्या खिंडीवर अमेरिकनांचे फक्त पाच घोडेस्वार पहाऱ्याला होते. हाऊने रात्रीतून त्या वाटेने मोठी फौज फिरवून आणली आणि सकाळी अमेरिकनांच्या पाठीवर उतरवली. कावा म्हणायचा तर तो इथे इंग्रजांनी केला.

शिकारीच्या बंदुकांबद्दल थोडक्यात. आटे पाडलेली लांब रायफल लांबचा नेम साधायची, पण भरायला फार वेळ घ्यायची आणि तिला संगीन बसत नसे. अमेरिकन फौजेचं मुख्य हत्यार इंग्रजांसारखंच होतं, ते म्हणजे मस्केट, आटे नसलेल्या नळीची बंदूक. खरी टंचाई बंदुकीच्या दारूची होती. पहिल्या वर्षांत तिचा बराचसा पुरवठा बाहेरून, मुख्यतः फ्रान्समधून चोरवाटेने होत होता.

१७ जून १७७५ ची बंकर हिलची लढाई या मजकुराचा सर्वांत मोठा आधार आहे. तिथे इंग्रज खरोखरच रांगेने टेकडी चढले आणि त्यांचे हजारावर लोक मेले किंवा जखमी झाले. पण त्यांना रोखलं ते मातीच्या मोर्चाने. कर्नल विल्यम प्रेस्कॉटच्या लोकांनी तो एका रात्रीत कुदळ-फावड्यांनी उभा केला होता. दारू संपली, बहुतेकांकडे संगिनी नव्हत्या, आणि टेकडी शेवटी इंग्रजांनी घेतली.

मग इंग्रजांच्या ताब्यातलं बोस्टन सुटलं कसं? या प्रश्नाचं उत्तर त्या मजकुरात नाहीच. उत्तर आहे हेन्री नॉक्स, पंचविशीतला पुस्तकविक्रेता. मे १७७५ मध्ये ईथन ॲलन आणि बेनेडिक्ट अर्नोल्ड यांनी इंग्रजांकडून टायकोंडरोगाचा किल्ला घेतला होता. तिथल्या तोफांपैकी ५९ नॉक्सने त्या हिवाळ्यात होड्यांतून आणि बर्फावरच्या घसरगाड्यांवरून, बैल-घोडे जुंपून, सुमारे ४८० किलोमीटर ओढत आणल्या. ऑल्बनीजवळ नदीवरचं बर्फ फुटून तोफ बुडाली, तीही वर काढली. ४ मार्च १७७६ च्या रात्री या तोफा बोस्टनलगतच्या डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर चढवल्या. जमीन इतकी गोठली होती की खणणं अशक्य, म्हणून लाकडी सांगाडे आधीच तयार करून वर नेले, त्यांत फांद्यांच्या मोळ्या भरल्या, आणि आवाज दबावा म्हणून वाटेच्या कडेला गवताच्या गंजी रचल्या. सकाळी बंदर आणि शहर दोन्ही तोफांच्या टप्प्यात होते. १७ मार्चला इंग्रज जहाजांत बसून निघून गेले. माझ्या मते या युद्धाच्या पहिल्या वर्षातली ही सर्वांत देखणी कामगिरी आहे, आणि तिच्यात झाडाआड लपलेला कुणी नाही.

उलट जंगलातून धाडसी वाट काढणारी मोहीम फसली. अर्नोल्ड सुमारे ११०० माणसं घेऊन मेन नावाच्या भागातल्या रानातून कॅनडाकडे निघाला. उपासमारीतून पोहोचले सहाशेच्या आसपास. ३१ डिसेंबर १७७५ ला हिमवादळात क्वेबेकवर हल्ला झाला, त्यात अमेरिकन सेनानी रिचर्ड माँटगोमेरी पडला, अर्नोल्ड जखमी झाला आणि चारशेवर लोक कैद झाले.

न्यूयॉर्कच्या पराभवानंतर सप्टेंबर १७७६ मध्ये वॉशिंग्टनने काँग्रेसला, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेला, कळवलं की मिलिशियावर भिस्त ठेवणं म्हणजे मोडक्या काठीवर रेलणं. त्याला हवी होती लांब मुदतीची, पगारी, कवायती फौज, आणि काँग्रेसने ८८ पलटणींचा ठराव केला. तोवर जुन्यांची मुदत वर्षाअखेर संपत होती. त्या आधीच, २६ डिसेंबरला, त्याने २४०० माणसं आणि १८ तोफांनिशी ट्रेंटनला सुमारे ९०० हेसियन, म्हणजे इंग्रजांनी भाड्याने आणलेले जर्मन सैनिक, पकडले. रस्त्यांच्या तोंडाशी लावलेल्या तोफांनी त्यांना फळी धरूच दिली नाही.

गनिमी कावा या युद्धात शोधायचाच असेल तर तो १७७७ च्या पहिल्या तीन महिन्यांत न्यू जर्सीत सापडतो. वैरण आणायला निघालेल्या इंग्रज तुकड्यांवर तिथले मिलिशियावाले पुन्हापुन्हा तुटून पडले. गवताच्या गाड्या आणायच्या तरी मोठी फौज सोबत द्यावी लागू लागली. दोनच वर्षांनी, जानेवारी १७७९ मध्ये, मुंबईहून पुण्यावर निघालेल्या कंपनीच्या फौजेला मराठ्यांनी तळेगावात दाणावैरण मिळू दिली नाही आणि वडगावला तह करायला लावला. तुलना करायची तर ही करता येते: दोन्हीकडे मारा रसदेवर होता. पण न्यू जर्सीतही मिलिशिया एकटी लढत नव्हती. वॉशिंग्टनच्या कवायती तुकड्या तिच्यासोबत लढत होत्या, आणि मॉरिसटाउनच्या छावणीत नव्या पलटणींची भरती चालू होती.