कार्टूनमधला धडा मुलाच्या गळी आपोआप उतरत नाही

सोलापुरातल्या आईबापांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. जुळे सोलापुरातल्या सोसायट्यांत तोच, विडी कामगारांच्या वस्तीत, विडी घरकुलात तोच. त्यात म्हटलंय, ‘मुलाला रोज कार्टूनचा एक भाग दाखवा. वाटून खाणं, खरं बोलणं, धीर, मैत्री, माफी... सात मिनिटांत सात संस्कार. बालवाडीत वर्षभरात जे होत नाही ते इथं आपोआप होतं. भाषा सुधारते, लक्ष एकाग्र होतं, आणि जेवताना लावलं तर मूल दोन घास जास्त खातं.’ सोबत एक चित्रफीत आहे. एक ससा गाजरं लपवून ठेवतो. मित्रांनी विचारल्यावर खोटं बोलतो. मित्र गाणं म्हणून त्याला चिडवतात, त्याच्याशी कट्टी घेतात, पाळत ठेवून गाजरं शोधून काढतात. अगदी शेवटी ससा माफी मागतो आणि सगळे मिळून खातात.

मी शहराच्या पूर्व भागात बालवाडीत शिकवते. आमच्याकडच्या बऱ्याच आया घरी विड्या वळतात, वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात. या संदेशाबद्दल त्या मला विचारतात, म्हणून संदेशातल्या आणि त्यांच्या तोंडून येणाऱ्या एकेका मुद्द्याचं उत्तर देते. कार्टूनशी माझं वैर नाही, वर्गात मीही अधूनमधून दाखवते. माझा आक्षेप ‘आपोआप’ या एका दाव्यावर आहे, कारण त्याच्यावर विसंबून आपण मुलाशी बोलायचं थांबवतो.

‘शेवटी धडा सांगितलेला असतो, तो मुलाला कळतोच.’

नाही कळत. हाच भाग मी वर्गात लावला आणि विचारलं, सशाचं काय चुकलं? एक मुलगा पटकन म्हणाला, ‘त्यानं बिळाचं दार उघडंच ठेवलं की, बाई!’ दुसरी म्हणाली, गाजरं आणखी खोल पुरायला हवी होती. एकाला सशाच्या मित्रांची हुशारी फार आवडली होती. वाटून खाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ही मुलं मंद नाहीत, उलट त्यांनी गोष्ट नीट पाहिली. सशापुढची अडचण त्यांच्या दृष्टीनं एकच होती, गाजरं सापडली. ती कशी सापडू नयेत याचा उपाय त्यांनी शोधला.

हे फक्त आमच्याच मुलांचं नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मारी-लुईझ मॅरेस आणि एमिली अकोस्टा यांनी २००८ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. बालवाडीच्या वयाच्या मुलांना त्यांनी ‘क्लिफर्ड’ या लाल कुत्र्याच्या कार्टूनचा एक भाग दाखवला. त्यात तीन पायांचा एक कुत्रा येतो, बाकीचे आधी त्याला बिचकतात, मग त्याच्याशी मैत्री करतात. आपल्यापेक्षा वेगळ्या असणाऱ्याला आपल्यात सामावून घ्यावं, हा बनवणाऱ्यांचा हेतू. बहुतेक मुलांना तो धडा उमगला नाही. ज्यांना काही उमगलं त्यांतल्या पुष्कळांचा निष्कर्ष असा, की तीन पायांच्या कुत्र्याशी चांगलं वागावं. वर्गात कुबडी घेऊन येणाऱ्या मुलापर्यंत ती समज पोचली नाही.

याचं कारण वयात आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला पडद्यावर घडतं ते दिसतं. सशाच्या गोष्टीतून ‘ससा’ आणि ‘गाजर’ बाजूला काढून उरलेलं स्वतःच्या डब्याला लावायचं, ही मोठी उडी आहे. ती मारायला कुणीतरी हात धरावा लागतो. शिवाय सुरुवातीचं खोटं आणि शेवटची माफी यांच्यात पाच-सहा मिनिटांचा गोंधळ आहे. एवढा वेळ गोष्टीचा धागा धरून ठेवणं या वयात सोपं नाही.

‘भांडण दाखवलं तरी शेवट गोड असतो.’

शेवट गोड असतो खरा, पण किती वेळ? चिडवणं, कट्टी, पाळत, पळापळ यांनी जवळपास सगळा भाग व्यापलाय. त्याला गाणं आहे, ढोल आहे, रंग आहेत. माफी अर्ध्या मिनिटात उरकते आणि तीही नुसती बोलून. तो भाग पाहिल्यावर आमच्या अंगणात कोणतं गाणं ऐकू आलं असेल? चिडवायचं. एका मुलीला मधोमध उभं करून बाकीच्या तिच्याभोवती फिरत होत्या आणि ती रडकुंडीला आली होती.

यावरही अभ्यास झालाय. जेमी ऑस्ट्रोव्ह, डग्लस जेंटाइल आणि निकी क्रिक यांनी २००६ साली बालवाडीतल्या मुलांविषयी लिहिलं, की शैक्षणिक म्हणवणारे कार्यक्रम जास्त पाहणाऱ्या मुलांमध्ये एक विशिष्ट प्रकारची आक्रमकता वाढलेली दिसली. मारामारी नव्हे, तर ‘तू आमच्यात नाहीस’ म्हणून एखाद्याला तोडणं. त्यांनी सुचवलेलं कारण साधं आहे. असे कार्यक्रम बराच वेळ भांडण दाखवतात आणि मिटवामिटवीला थोडासा. लहान मूल ते दोन्ही जोडत नाही, जे जास्त वेळ पाहिलं ते उचलतं. प्रत्येक मुलाचं असंच होईल असं यातून निघत नाही. पण ‘शेवट गोड म्हणजे सगळं गोड’ हा भरवसा मात्र यानंतर ठेवता येत नाही.

‘प्राणी मुलांना आवडतात, म्हणून त्यांच्याकडून पटकन शिकतात.’

आवडतात हे बरोबर, शिकतात हे तितकं बरोबर नाही. टोरोंटोत चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन पुस्तकांतून वाचून दाखवली गेली, एकात माणसं होती आणि दुसऱ्यात माणसासारखे कपडे घातलेले प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपले स्टिकर जास्त वाटले. हा प्रयोग पुस्तकांचा होता, कार्टूनचा नव्हे. तरी सशाकडून आपल्यापर्यंत येणं मुलाला वाटतं तितकं जवळचं नाही, एवढं त्यातून दिसतं.

‘भाषा सुधारते.’

सोलापुरात या मुद्द्यावर थांबायलाच हवं. आमच्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं आहेत, कन्नड आहेत, दखनी आहेत, मराठी तर आहेतच. गल्लीत खेळताना ती एकमेकांची भाषा सहज उचलतात. भांडायला आणि खेळायला ती लागते आणि समोरचा लगेच उत्तर देतो. टीव्हीवरची कार्टून मात्र बहुतेक हिंदीत. मोबाइल हातात घेऊन वाढलेलं एखादं मूल वर्गात येतं, कार्टूनमधली हिंदी वाक्यं सुरात म्हणून दाखवतं, आणि ‘पाणी हवंय’ हे कुठल्याच भाषेत नीट सांगू शकत नाही. पाठ केलेलं वाक्य म्हणजे बोलता येणं नव्हे.

याचा पाया पॅट्रिशिया कूल यांच्या २००३च्या प्रयोगात सापडतो. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांपैकी काहींशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, बोलली. काहींना तीच माणसं पडद्यावर दाखवली. समोर बसलेल्या माणसाकडून बाळं चिनी भाषेतले आवाज वेगळे ओळखायला शिकली, पडद्यावरून शिकली नाहीत. मूल मोठं होतं तसा हा फरक कमी होत जातो, पण पहिल्या दोन-तीन वर्षांत तो ठळक असतो. घरात अव्वा, म्हणजे आजी असेल आणि ती तेलुगूत बडबडत असेल, तर तिला बडबडू द्या. ‘मराठी शाळेत घालायचंय, तेलुगू नको’ म्हणून तिला गप्प करून मोबाइल लावणारी घरं मी पाहिलीत. त्यात मुलाची एक भाषा जाते आणि दुसरी येत नाही.

‘मूल शांत बसतं, एकाग्रता वाढते.’

शांत बसणं आणि एकाग्र होणं वेगळं. व्हर्जिनिया विद्यापीठात २०११ साली चार वर्षांच्या ६० मुलांवर प्रयोग झाला. काहींनी नऊ मिनिटं भराभर दृश्यं बदलणारं कार्टून पाहिलं, काहींनी संथ कार्टून, काहींनी चित्रं काढली. लगेच नंतर थांबून राहणं, सूचना लक्षात ठेवून तसं वागणं अशा कामांत वेगवान कार्टूनवाली मुलं मागे पडली. परिणाम किती टिकतो हे तो प्रयोग सांगत नाही. पण शाळेत पाठवायच्या आधी मोबाइल देऊ नका असं मी सांगते, ते यामुळे.

‘जेवताना लावा.’

लावू नका. पडद्याकडे डोळे असले की घास तोंडात जातो, पोट भरलं हे मात्र लक्षात येत नाही. कडक भाकरी मोडायची कशी, शेंगाचटणी झोंबली तर दही कधी घ्यायचं, हे ताटाकडे पाहूनच येतं. आणि दिवसभर कामात असलेल्या आईला मुलाशी बोलायला मिळणारी ती एक निवांत वेळ असते. वेळेचं म्हणाल तर दोन वर्षांच्या आत पडदा नको, दोन ते पाच या वयात दिवसाला फार तर एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलेलं आहे.

‘बालवाडीत वर्षभरात होत नाही ते इथं होतं.’

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा जवळ आली की संध्याकाळी नंदीध्वजांचा, म्हणजे मिरवणुकीत पेलायच्या उंच काठ्यांचा, सराव सुरू होतो. त्या दिवसांत आमच्या अंगणात मुलं काठीचा नंदीध्वज करतात. एक काठी पेलतो, दोघं बाजूनं सावरतात, बाकीचे ‘हर्र बोला’ म्हणत मागून चालतात. काठी कुणी धरायची यावरून रोज भांडण. पहिल्या दिवशी मोठा मुलगा हिसकावून घेतो. काठी पडते, कारण सावरणारे रुसून निघून गेलेले असतात. दोन-तीन दिवसांत मुलंच पाळी ठरवतात. मी फक्त विचारते, ‘काल काठी का पडली?’ इथं वाटून घेणं कुणी सांगत नाही. वाटून घेतलं नाही तर खेळच मोडतो. हे मुलाच्या हाताला, खांद्याला आणि रुसव्याला कळतं. बालवाडीत याला दिवस लागतात, हे खरंच आहे. ते लवकर होत नाही म्हणून ते होतच नाही, असं कुणी म्हणू नये.

मग कार्टून बंदच करायचं का? गरज नाही. अमेरिकेत टेक्सास टेक विद्यापीठाच्या एरिक रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दोन ते सहा वर्षांच्या मुलांना भावना ओळखायला शिकवणारं एक संथ, नेटकं कार्टून दोन आठवडे दाखवलं. मुलांमध्ये दुसऱ्याचं दुःख समजण्यात फरक पडला, पण ज्यांचे आईवडील पाहिलेल्याबद्दल एरवी मुलांशी बोलतात त्यांच्याच बाबतीत. कार्टून तेच होतं, बोलणारं माणूस जोडीला होतं की नाही एवढाच फरक.

आता एक आई मला म्हणाली, ‘बाई, हजार विड्या पुऱ्या करायच्या असतात, मांडीवर सूप असतं, मी शेजारी बसून कधी बघू?’ तिचं म्हणणं खरं आहे. तासभर मूल गुंतलं नाही तर तिची मजुरी बुडते, आणि त्यासाठी तिला दोष देणाऱ्यांत मी नाही. पण हात गुंतलेले असले तरी तोंड मोकळं असतं. मोबाइलचा आवाज चालू ठेवा, मूल शेजारी बसवा. भाग अर्ध्यात आला की पान कातरता कातरता विचारा, ‘तो ससा आता काय करेल रे?’ संपला की, ‘त्याला चिडवलं तेव्हा कसं वाटलं असेल?’ आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडताना, ‘आपल्याकडे असं कधी झालं होतं?’ मूल ‘दार उघडं ठेवलं’ असं म्हणालं तर हसू नका, रागावू नका. ‘बरं, आणि मित्रांना भूक लागली होती का?’ असं पुढचं विचारा. तेलुगूत विचारा, कन्नडमध्ये विचारा, मराठीत विचारा, ज्या भाषेत तुम्ही मुलाला रागावता आणि कुशीत घेता त्या भाषेत.