कोर्टाचा घटस्फोट झाला म्हणून ख्रिस्तप्रसाद बंद होत नाही

माझी आतेबहीण अकरा वर्षं ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे उपासनेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीच्या, रांगेत उभी राहिली नाही. मिस्सा, म्हणजे चर्चमधली ही उपासना, तिनं कधी चुकवला नाही. पण लोक उठून वेदीकडे निघाले की ती मागच्या बाकावर मान खाली घालून बसून राहायची. कोर्टातून घटस्फोट मिळाला त्याच वर्षी चर्चमधल्या एका वजनदार माणसानं तिला सांगितलं होतं, "आता तुला घेता येणार नाही."

हे साफ चुकीचं होतं. तिनं दुसरं लग्न केलेलं नव्हतं, कुणाबरोबर राहतही नव्हती. अशा माणसाला निव्वळ कोर्टाच्या घटस्फोटामुळे ख्रिस्तप्रसाद नाकारावा, असं कॅथलिक चर्चचा कोणताही नियम सांगत नाही. प्रश्न उभा राहतो तो पहिलं लग्न चर्चच्या दृष्टीनं कायम असताना दुसरं केलं तर.

हे कळल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मग मला कुणी सांगितलं का नाही?" तेव्हापासून मला हे लिहायचं होतं.

कोर्ट आणि चर्चचं ट्रिब्युनल, म्हणजे चर्चचं स्वतःचं न्यायालय, एकाच लग्नाकडे बघतात, पण त्यांच्यापुढचे प्रश्न वेगळे असतात. कोर्ट बघतं, हा संसार मोडायला कायद्यानं कारण आहे का? मोडला तर मुलं कुणाकडे, पोटगी किती, घराचं काय? ट्रिब्युनल थेट लग्नाच्या दिवसापर्यंत मागे जातं. त्या दिवशी संमती खरी होती का? कुणी दबाव आणला होता का? मोठी गोष्ट लपवून फसवलं होतं का? तसं सिद्ध झालं, तर हे लग्न मुळातच वैध नव्हतं असा निकाल येतो. आपण त्याला सरसकट 'चर्चचा घटस्फोट' म्हणतो, आणि बराचसा घोळ या एका शब्दानं होतो. अशा निकालानं आपली मुलं अनौरस ठरतील या धास्तीनं कितीतरी आया ट्रिब्युनलकडे जातच नाहीत. ती भीती निराधार आहे, चर्चच्याच कायद्यात मुलं औरस राहतात.

उलट बाजूची चूक जास्त महागात पडते. ट्रिब्युनलचा कागद हातात आला की आपण मोकळे झालो असं समजून लोक दुसरं लग्न करतात. सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये मोली जोसेफ प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की चर्चच्या ट्रिब्युनलनं लग्न रद्द ठरवलं तरी कायद्याच्या नजरेत ते टिकून राहतं. त्या प्रकरणात नंतरचं लग्नच रद्द ठरलं. चर्चच्या निकालाला कायदेशीर मान्यता मिळावी म्हणून पुन्हा याचिका झाली, तीही 2017 मध्ये फेटाळली गेली.

तेव्हा आमच्यातले काहीजण दुखावले गेले. मी कॅथलिक आहे आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. इटलीत चर्चच्या निकालाला सरकारी कोर्ट मान्यता देऊ शकतं. तिथल्या पेलेग्रिनी नावाच्या बाईला चर्चच्या न्यायालयानं बोलावलं, पण कशासाठी ते आधी सांगितलं नाही. सोबत वकीलही नव्हता. नवरा-बायको नात्यातले निघाले म्हणून पंचवीस वर्षांचं लग्न रद्द झालं, इटलीच्या कोर्टानं त्यावर शिक्का मारला आणि तिची पोटगी गेली. 2001 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला. पोटगी आणि मुलांचा ताबा यांचा निवाडा जिथे वकील, पुरावा आणि अपील यांची सोय आहे तिथेच व्हावा.

कायदाही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. ख्रिश्चनांना लागू असलेल्या 1869 च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवणं पुरेसं होतं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून देणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. हा भेद जायला आणि परस्पर संमतीनं घटस्फोट मिळायला 2001 उजाडलं.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत चित्र वेगळं आहे, बहुतेक ठिकाणी कोर्टाचा घटस्फोट मान्य होतो आणि पुनर्विवाह लावायचा की नाही हे पाळक किंवा मंडळी ठरवते. त्याबद्दल तिथल्या लोकांनीच लिहावं.

माझा राग आहे तो एका वाक्यावर. मार खाऊन आलेल्या बाईला सांगतात, "देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये, कोर्टात जाऊ नकोस." हे सांगायचा अधिकार चर्चनं कुणालाही दिलेला नाही. जोडीदारापासून स्वतःला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा कॅनन लॉ, म्हणजे चर्चचाच कायदा, देतो. कायदेशीर हक्क, मुलांची काळजी किंवा वारसा यांच्या रक्षणासाठी कोर्टाचा घटस्फोट हाच एक मार्ग उरला असेल तर ते पाप नाही, असं कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, परिच्छेद 2383 मध्ये, छापलेलं आहे. आणि अनेक धर्मप्रांतांत ट्रिब्युनलच अर्जासोबत आधी कोर्टाचा हुकूमनामा मागतं!

लग्नाआधीच्या शिबिरात हे सगळं सांगायला अर्धा तास पुरतो. आमच्या शिबिरात ते सांगितलं नव्हतं. मी आमच्या फादरांना तो अर्धा तास मागितला आहे. तुम्हीही आपापल्या पॅरिशमध्ये मागा.