अक्रोडाच्या हार्पला स्प्रूसची फळी का? आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आपण दोन तारे दिलेत, पण चार तक्रारी नेमक्या शब्दांत मांडल्यात, त्याबद्दल आभार. अक्रोडाचे पैसे घेऊन पुढे 'फिकं, हलकं लाकूड' बसवलं, तारा नायलॉनच्या म्हणजे प्लास्टिकच्या, हार्प रोज सुरातून उतरते, आणि मधल्या सप्तकात त्याच जाडीच्या कार्बन तारा (फ्लुरोकार्बन या प्लास्टिकच्या) चढवल्यावर समोरची फळी फुगली, असं आपण लिहिलंय.

ते फिकं लाकूड म्हणजे स्प्रूस, एका सूचिपर्णी झाडाचं लाकूड, आणि हार्पचा आवाज मुख्यतः तिथूनच निघतो. साउंडबोर्ड, म्हणजे तारा जिला जोडलेल्या असतात ती समोरची फळी, हलका हवा आणि ताठही हवा. वजनाच्या मानाने इतका ताठपणा फार थोड्या लाकडांत मिळतो. अक्रोडाचा साउंडबोर्ड केला असता तर तेवढ्याच ताकदीसाठी तो जड झाला असता आणि आवाज आतच राहिला असता. म्हणून अक्रोड मी पुढचा खांब, वरची मान आणि साउंडबोर्डमागची पोकळ पेटी यांना वापरतो. तिथे ताण सोसणारं, सहसा न वाकणारं लाकूड लागतं. पेटीच्या लाकडाने आवाजाचा रंग थोडा बदलतो, पण हार्प निवडताना आधी साउंडबोर्ड बघावा, पेटी नंतर, असं माझं ठाम मत आहे. सीडर या दुसऱ्या लाकडाचा साउंडबोर्ड पहिल्या दिवसापासून ऊबदार बोलतो. स्प्रूस वाजवत राहिल्यावर हळूहळू मोकळा होतो.

रोज उतरण्याबद्दल. नवी नायलॉनची तार कित्येक आठवडे ताणत राहते. शिवाय एक तार चढवली की साउंडबोर्ड किंचित उचलला जातो आणि शेजारच्या तारा उतरतात. ३४ तारांच्या हार्पवर हे चक्र सुरुवातीला रोज चालतं. दिवसातून दोनदा सुरात लावत राहिलात तर ती लवकर स्थिरावेल.

आता फुगलेल्या फळीचं, कारण मला काळजी त्याचीच आहे. थोडी फुगी प्रत्येक हार्पला येते, ती यावीच लागते. सगळ्या तारांचा मिळून ताण काही शे किलो असतो. पण कार्बन तारेचं द्रव्य नायलॉनपेक्षा बरंच घन, म्हणजे तेवढ्याच आकारमानाला जड असतं: नायलॉन पाण्याच्या सुमारे १.१ पट, तर कार्बन जवळपास १.८ पट. लांबी, जाडी आणि सूर तोच ठेवला तर ताण याच प्रमाणात वाढतो, म्हणजे साधारण दीडपटीहून जास्त. आपल्या हार्पचा साउंडबोर्ड मी नायलॉनच्या ताणासाठी तासलाय, वरच्या सुरांकडे पातळ आणि खर्जाकडे जाड. कार्बनची तार लावायची तर ती बारीकच घ्यावी लागते. गटच्या, म्हणजे प्राण्यांच्या आतड्याच्या तारांचा हिशोब पुन्हा वेगळा, आणि दमट हवेत त्या जास्त त्रास देतात. नायलॉन मी निवडलं ते स्वस्त म्हणून नाही. या पेटीवर ते बोटाला हलकं लागतं आणि आवाज गोल येतो म्हणून.

कृपया आजच एक करा. प्रत्येक कार्बन तार तिच्या सुरावरून, म्हणजे तो सा धरला तर खालच्या पंचमापर्यंत, उतरवा. ताण नायलॉनच्या आसपास येईल. सगळ्या एकदम सैल सोडू नका, थोड्या थोड्या उतरवत जा. मग साउंडबोर्डवर आडवी पट्टी ठेवून फुगी पाहा आणि मागच्या भोकांतून टॉर्च लावून आतली मधली पट्टी तपासा. ती सुटलेली दिसली, पेटीच्या कडेचा सांधा उघडलेला दिसला किंवा लाकडाच्या रेषांच्या दिशेने चीर असली, तर सगळ्या तारा हळूहळू ढिल्या करून मला फोटो पाठवा. तसं काही नसेल तर फुगी निर्धोक आहे.

नायलॉनचा मूळ संच मी पाठवतोय. कार्बनचाच आवाज आवडला असेल तर तेही सांगा, या हार्पच्या प्रत्येक तारेची लांबी माझ्याकडे नोंदलेली आहे, त्यावरून योग्य जाडीचा संच काढून देईन.